धाकट्या डाकूचा चेहरा

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी सरस उकळायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, टॉकीजचे बॅनर रंगवायचे. मांजरपाटाच्या कापडाला आधी सरस आणि पांढऱ्या मातीचा हात द्यावा लागे, नाहीतर कापड सगळा रंग पिऊन बसे. सरस जनावराच्या कातड्याचा, म्हणून आईने त्याला स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकू दिलं नाही. त्याची चूल मागच्या अंगणात वेगळी होती. पण वासाला कोण अडवणार? भाकरीला टर्पेंटाइनचा वास, पांघरुणाला जवसाच्या तेलाचा, आणि पावसाळ्यात तर आमटीलाही कसलातरी पिवळा रंग चढल्यासारखा वाटायचा. आई भाकरीच्या टोपल्यावर दोन दोन फडकी घालायची. ती फडकीही बॅनरचीच असत. खेळ उतरला की कापड परत यायचं, चांगलं असेल तर पुन्हा पांढरं करून वापरायचं, विटलं असेल तर आई त्याच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवायची. माझ्या शाळेच्या दप्तराला आतून एका खलनायकाचा अर्धा कान होता. मैत्रिणींना तो दाखवायला मी मुळीच लाजत नसे.

पंचवटीत भाजीबाजारापासून चार बोळ सोडून आमचं घर होतं. पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची उंच शेड. घरापेक्षा शेड मोठी, याबद्दल आई येणाऱ्याजाणाऱ्याजवळ तक्रार करायची आणि अण्णा त्यावर काही बोलायचे नाहीत. सकाळी बाजारातून हमालांच्या हाका यायच्या, टेम्पो मागे घेताना पोरं पत्रा बडवायची, मध्येच एखाद्या देवळाची घंटा. या सगळ्यात अण्णांचं काम बिनआवाजी. निळीत भिजवलेली सुतळी कापडावर ताणून टचकन सोडायची, तेवढाच काय तो आवाज. तिने चौकटी पडत. फोटोवर बोटभर चौकटी, कापडावर हातभर. या चौकटीतला डोळा त्या चौकटीत न्यायचा, इतकं सोपं आहे, असं अण्णा सांगायचे. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेले तिघे ते ऐकून निघून गेले होते. राहिले फक्त बाबूमामा. ते नात्याने कोणाचेच मामा नव्हते. शिडी धरणं, परांची बांधणं आणि बॅनर चढवणं हे त्यांचं काम, आणि रंगाला हात न लावण्याचा त्यांचा निश्चय होता.

माझी दहावी झाली त्या सुमारास अण्णांच्या घोड्यांचे पाय चुकायला लागले. आधी पायच, मग लगाम, मग माणसांची बोटं. ते फोटो हातात घेऊन दारात उजेडाला जायचे, डोळ्यांजवळ धरायचे, परत यायचे आणि तेवढ्यात विसरायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांना ऑपरेशनची भीती होती आणि त्याहून जास्त भीती टॉकीजला कळण्याची. डोळे गेलेला पेंटर कोण ठेवणार? एका दुपारी ते जेवायला गेले असताना मी एका नायिकेची नथ पुरी केली. जेवून आल्यावर ते बॅनरसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "नथ झाली तर झाली, आता गळ्यातलंही करून टाक." पुढच्या वर्षभरात मी गळ्यातल्यावरून हातांवर, हातांवरून चेहऱ्यांवर आले. अक्षरं मात्र तेच लिहायचे. अक्षरांना त्यांना डोळे लागत नसत, खांद्यापासून हात आपोआप चालायचा. हे घरात तिघांना आणि बाबूमामांना माहीत होतं. बाहेर सगळं काम अण्णांचं.

तो इंग्रजी चित्रपट आमच्याकडे आला तो चुकून. त्या आठवड्याला लागणाऱ्या हिंदी चित्रपटाच्या पेट्या वेळेवर पोचल्या नाहीत, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मुंबईहून मिळेल ते मागवलं. एरवी इंग्रजी चित्रपट रविवार सकाळच्या खेळाला लागायचा, कॉलेजची मुलं जायची, त्याला बॅनरही नसायचा. हा मात्र आठवडाभर तिन्ही खेळांना लावायचा होता. मॅनेजरसाहेब स्वतः आमच्या शेडमध्ये आले. जाड, सभ्य गृहस्थ, खुर्ची दिली तरी उभेच राहायचे. त्यांनी गोष्ट सांगितली. अमेरिकेतले दोन सख्खे भाऊ, शेतकऱ्याची पोरं. त्यांची जमीन जाते, मग ते बँका लुटतात, आगगाड्या अडवतात, आणि सरकार त्यांच्यावर इनाम लावतं. लोक त्यांना घरात लपवतात आणि त्यांच्यावर गाणी रचतात.

"भाषेचं काय?" अण्णांनी विचारलं.

"बंदुकीला कसली आलीय भाषा? तुम्ही फक्त दोघे भाऊ मोठे काढा. घोड्यांवर. खाली लिहा, जिवंत किंवा मेलेला."

त्यांनी दिलेल्या पाकिटात चार फोटो आणि घडी घातलेलं एक छापील पोस्टर होतं. फोटोंत धूळ, घोडे आणि टोप्या. पोस्टरवर थोरला भाऊ ठसठशीत होता, पण धाकट्याच्या चेहऱ्यावर नेमकी घडी आली होती, आणि घडीवर कागद फाटून तिथे पांढरं भोक पडलं होतं. मी ते अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "कोणताही चेहरा लाव. टोपीखाली कोण बघतंय?"

घोड्यांसाठी मी दोन दिवस टांग्यांच्या अड्ड्यावर गेले. आमचे टांग्याचे घोडे बिचारे हाडकुळे, मान खाली घालून उभे. त्यांना मनातल्या मनात चारा घालून मी बॅनरवर चढवलं. थोरला भाऊ पोस्टरवरून उतरवला. तिसऱ्या दिवशी टोपी झाली, टोपीखाली सावली झाली आणि धाकट्याच्या चेहऱ्याची जागा तेवढी पांढरी राहिली.

आता ज्या दोघा भावांबद्दल सांगायचं ते एकनाथ आणि रंगनाथ. दिंडोरीच्या बाजूला त्यांचं गाव होतं आणि रोज सकाळी ते स्वतःच्या टेम्पोतून भाजी घेऊन बाजारात येत. माल उतरला की आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर चहा पीत. थोरला एकनाथ तिशीचा, विवाहित, कमी बोलणारा. बाप लवकर गेल्यामुळे घराचा कर्ता तोच. रंगनाथ त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. तो आईला जाताजाता मेथीची जुडी द्यायचा आणि "मावशी, उरली होती" म्हणायचा. खरं तर सकाळी सातला कोणाची मेथी उरत नाही. त्याच्या डाव्या भुवईत एक खाच होती, विळ्याची असावी, तिथे केस उगवले नव्हते. बोलताना तो ऐकणाऱ्याकडे न बघता थोडं त्याच्या खांद्यावरून बघायचा. चहा फुंकताना डोळे बारीक करायचा. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण शेडच्या पत्र्याला एक खिडकी होती आणि ती टपरीच्या बाजूला उघडायची.

प्रेम हा शब्द मी तेव्हा वापरला नाही आणि आज या वयात तर वापरणारच नाही. मी त्याला बघत असे. चित्र काढणाऱ्याला बघण्याची सवय असते, असं मी स्वतःला सांगायची. ते निम्मं खरं होतं. त्याच्याशी माझं बोलणं सगळं मिळून पाचसहा वाक्यांचं असेल, तेही मेथीबद्दल.

चेहरा मी एका दुपारी काढला. फोटो नव्हता म्हणून चौकटींची गरज नव्हती. हात थांबलाच नाही. अण्णांच्या हाताला अक्षरं यायची तसा तो चेहरा मला आला. भुवईतली खाच मी मुद्दाम काढली की आपोआप निघाली, याचा मी नंतर बऱ्याचदा विचार केला आहे. मला वाटतं मुद्दाम काढली. कातडी गोऱ्या माणसाची ठेवली, टोपी अमेरिकेची, बाकी सगळा दिंडोरीचा. संध्याकाळी अण्णांनी कापडाला नाक लागेल इतक्या जवळून तो पाहिला.

"कोण आहे हा?"

"कोणी नाही. मनाने काढलाय."

"मनाने काढलेला इतका नेमका नसतो," ते म्हणाले आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत इनामाची ओळ लिहायला बसले.

बॅनर शुक्रवारी चढला आणि दुपारपर्यंत बाजारभर झाला. टॉकीज बाजारापासून हाकेच्या अंतरावर. पहिल्यांदा कोणा हमालाने ओळखलं, मग वांगी-मिरचीवाल्या बायका पाटी डोक्यावर घेऊन बघायला गेल्या. "आपला रंगा डाकू झालाय!" असं लोक एकमेकांना सांगत होते. शनिवारी सकाळी रंगनाथ स्वतः बॅनरखाली जाऊन उभा राहिला. तो बराच वेळ वर बघत होता आणि हसत होता असं बाबूमामांनी येऊन सांगितलं. त्याच्या दोस्तांनी त्याला बंदूक धरायला लावली म्हणे, काकडीची. मी शेडमध्ये बसून ब्रश धूत होते, आणि मला वाटलं की जे काही व्हायचं ते एवढंच असेल. आईने मात्र बॅनर पाहून आल्यापासून माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. ती भाकऱ्या थापत होती आणि नेहमीपेक्षा जोरात थापत होती.

रविवारी सकाळी एकनाथ घरी आला. चप्पल दाराशी काढली, पाणी दिलं ते घेतलं, आणि भांडं खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमी मोठं मानूस. तुमाला तोंड वर करून बोलायचं नाय. पर ते चित्र उतरवा."

अण्णांनी विचारलं, "काय झालं?"

"रंगाचं लगीन ठरलंय. निफाडकडची पोरगी हाय. काल तिचा मामा बाजारात आला व्हता. त्यानं बघितलं. मला बाजूला घेऊन म्हन्ला, तुमचा भाऊ टाकीजवर डाकू म्हनून टांगलाय, खाली इनाम लिवलंय, ही काय भानगड? मी म्हन्लं, गंमत हाय. तर तो म्हन्ला, गंमत अशी व्हत नसती. कुनीतरी त्याला तासन् तास बसवून काढलाय. का पोराचं हितं काही हाय? असंल तर आताच सांगा, आमी पोरगी दुसरीकडं देतो."

आतल्या दाराशी मी उभी होते. आईचे हात पिठात थांबले होते. अण्णांपुढे काय होतं ते मी तेव्हाही समजू शकत होते. चित्र माझं नाही म्हणावं तर मग कोणाचं? पोरीने काढलं म्हणावं, तर मामाच्या संशयाला नाव आणि पत्ता दोन्ही मिळणार, आणि वर पेंटरचे डोळे गेल्याचं गावभर होणार.

"मी काढला," अण्णा म्हणाले.

"पर का?"

"फोटो फाटला होता. सकाळी टपरीवर तुम्ही दोघे दिसता. चेहरा चांगला आहे पोराचा. बसवून काढायची मला गरज पडत नाही, चाळीस वर्षं हेच करतोय."

एकनाथने त्यांच्याकडे पाहिलं, मग का कोण जाणे आतल्या दाराकडे पाहिलं. माझ्या अंगठ्याला अजून लाल रंग होता. तो हात मी पाठीमागे घेतला.

"तुमी म्हंता तर तसं," तो म्हणाला. "मग एक करा. मामा आज दुपारी परत येनार हाय. त्याच्या देखत, समद्यांच्या देखत, तुमच्या हातानं बदला. म्हंजे माझ्या भावाचं नाव सुटंल."

अण्णा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

परांचीवर चढण्याच्या आधी त्यांनी मला शेडमध्ये नेऊन विचारलं की तो चेहरा डावीकडून किती हातांवर आहे आणि वरून किती. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाठ केलं. त्यांची योजना साधी होती. चेहरा नव्याने काढायचा नाही, नाकावरून खाली लाल रुमाल बांधायचा आणि टोपी भुवईवर ओढायची. डाकूच तो, तोंड झाकलेलं कोणाला खटकणार? दोन पट्टे मारायचे, एवढंच काम. मी खाली रंग कालवून द्यायला उभी राहणार होते.

दुपारी तीनच्या उन्हात टॉकीजसमोर बाजार गोळा झाला होता. मॅनेजरसाहेब पायरीवर. निफाडचा मामा, फेटा बांधलेला, छत्री काखोटीला मारून सगळ्यांच्या पुढे. एकनाथ त्याच्या शेजारी. रंगनाथ मागे, एका हातगाडीला टेकून. बाबूमामांनी बांबू हलवून पाहिले आणि अण्णा चढले. चढताना त्यांचे पाय चुकले नाहीत, त्या पायांना बांबू पाठ होते. वर फळीवर गेल्यावर मात्र ते बॅनरकडे तोंड करून नुसते उभे राहिले. उन्हाची तिरीप कापडावर पडली होती आणि तेलाचा रंग चकाकत होता. मला खालूनही त्यात नीट दिसत नव्हतं, त्यांना काय दिसणार? त्यांनी डावा हात कापडावर ठेवला आणि भिंत चाचपतात तसे ते चाचपायला लागले. हातांनी अंतर मोजत मोजत ते थोरल्याच्या चेहऱ्यावर आले. रुमालाच्या लाल रंगाचा ब्रश त्यांनी उचलला तो थोरल्याच्या नाकासमोर.

गर्दीत कोणीतरी हसलं. "अण्णा, तो न्हवं, पलीकडला!" अण्णांनी ब्रश मागे घेतला आणि दुसऱ्या बाजूला सरकले, तिथे घोड्याची मान होती. तेव्हा हसणं बंद झालं. सगळ्यांना एकदमच कळलं असावं. इतक्या लोकांची अशी शांतता मी पुढे फारशी ऐकलेली नाही.

मी पदर खोचला आणि चढले. बाबूमामा "अगं" म्हणाले, पण त्यांनी बांबू सोडला नाही, उलट घट्ट धरला. मी काही शूर होते असं नाही. ते वर असे एकटे उभे आहेत आणि मी खाली रंगाचा डबा धरून आहे, हे मला बघवेना, इतकंच. फळीवर पोचले तेव्हा अण्णा मान न वळवता म्हणाले, "कुंदा, भुवई कुठाय?"

"तुमच्या उजव्या हाताला. दीड हात वर."

मग त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला, फळीवर पाय खाली सोडून बसले आणि माझ्याकडून डबा घेऊन तो दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. आयुष्यभर मी त्यांच्यासाठी डबा धरला होता. मी रुमाल नाकापासून सुरू केला. ओठ गेले, हनुवटी गेली. टोपीची कड खाली आणली, भुवई गेली. काम फार वेळाचं नव्हतं. खालून कोणीतरी म्हणालं, "आरं, पोरगीच काढती की." दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

उतरले तेव्हा मामा माझ्याकडे बघत होता. एकनाथ वर बघत होता. "डोळे राह्यले," तो म्हणाला.

"डोळे कोणाचेही असू शकतात," मी म्हणाले. माझा आवाज बरा निघाला. "चेहरा मी काढला होता. अण्णांना दिसत नाही. तुमच्या भावाशी मी मेथीशिवाय काही बोललेले नाही, आणि त्याला मी कधी बसवून काढलेलं नाही. मला बघितलेलं लक्षात राहतं, तेवढीच त्यात माझी चूक."

मामाने छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "बापासाठी वर चढली," तो एकनाथला म्हणाला, जणू मी तिथे नव्हतेच. "अशी पोरगी खोटं बोलायची नाय. चला, च्या पिऊ." आणि ते गेले. रंगनाथ हातगाडीपाशी होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो गेला तेव्हा हातगाडी हलली, तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवताना अण्णांनी विचारलं, "किती दिवस बघत होतीस?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "चेहरा चांगला आला होता," ते म्हणाले. आईने पळी आपटली, पण मला वाढताना हात आखडला नाही. तीन दिवसांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, ते डाळ निवडण्याबद्दल.

मॅनेजरसाहेब मंगळवारी आले. आम्हाला वाटलं काम गेलं. ते नेहमीप्रमाणे उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, वर्षभर घोड्यांचे पाय नीट येतायत, तेव्हाच मी समजलो होतो. तुमचे घोडे कधीच असे पळत नव्हते." मग त्यांनी पुढच्या चित्रपटाचे फोटो माझ्या हातात दिले, अण्णांच्या नाही. जाताना एका डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव सांगून गेले. अण्णांचं ऑपरेशन त्या उन्हाळ्यात झालं. एक डोळा बराच सुधारला. त्यानंतर त्यांनी माझी कामं पहिल्यांदा नीट पाहिली आणि रोज त्यांतल्या चुका काढायला सुरुवात केली. ते सुख मी पुढे अकरा वर्षं भोगलं.

चित्रपटही आम्ही पाहिला, मी आणि आई, पासावर, शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला. संवाद आम्हा दोघींना कळले नाहीत. धाकटा भाऊ मी काढला त्यापेक्षा बुटका होता आणि पुढे आलेल्या दातांचा. दोघे आगगाडी अडवतात, गाडीतली एक म्हातारी थोरल्याला खायला देते आणि तो आधी डोक्यावरची टोपी उतरवून मग ते घेतो, हे आईला फार आवडलं. शेवटी नदी ओलांडताना थोरला मरतो. धाकटा त्याला काठावर ओढून आणतो, त्याचे बूट काढतो, आणि स्वतःची बंदूक शिपायांसमोर वाळूत ठेवतो. टॉकीजमधले लोक त्या वेळी रडत होते. आई रडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "एकाने तरी ठेवली, बरं झालं. दोघे गेले असते तर त्यांच्या आईने काय करायचं?" एवढ्या चित्रपटात त्यांची आई एकदाही दिसली नव्हती. आईने मात्र तिला पूर्णवेळ मनात धरलं होतं.

आता हे काम कोणी करत नाही. परवा मुलाकडे अंबडला गेले होते, त्याचा कारखाना तिकडे आहे. वाटेत चौकाचौकात वाढदिवसांचे फ्लेक्स लागलेले. त्यांवरचे चेहरे इतके हुबेहूब असतात की त्यांच्याकडे बघावंसं वाटत नाही. मुलगा म्हणाला, आई, तू सगळ्यांना नावं ठेवतेस. तेही खरं आहे.

रंगनाथचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. पत्रिका आली होती, अण्णा आणि आई गेले, मी गेले नाही. दोनेक महिन्यांनी एका सकाळी शेडच्या दारात एक मुलगी उभी राहिली. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, माझ्याच वयाची.

"तुमीच का त्या? कुंदाताई? मी इंदू. रंगनाथांची मंडळी."

मी तिला बसायला पाट दिला. ती बसली नाही, शेडभर फिरून उभी केलेली कापडं पाहिली. मग म्हणाली, "मामानं घरी येऊन समदं सांगितलं व्हतं. मी म्हन्लं, मलाबी बघायचंय. पर मी यायच्या आत तुमी झाकलं." ती माझ्याकडे वळली. "परत काढाल? कागदावर. मला पायजे."

मी म्हणाले, त्यांना घेऊन ये, समोर बसवून काढते.

"नको. ते बसले की पुतळ्यावानी व्हत्यात. तुमच्या ध्यानात हाय तसं काढा."

नाही म्हणता आलं असतं. मी जाड कागद घेतला, पेन्सिल घेतली. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. मी टोपी काढली नाही, घोडा नाही. चहा फुंकताना तो जसा दिसायचा तसा काढला, डोळे बारीक केलेले, नजर समोरच्याच्या खांद्यावरून गेलेली. भुवईपाशी आले तेव्हा हात थांबला. लपवण्यात आता अर्थ नव्हता. मी खाच काढली. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. कागद तिच्याकडे दिला तेव्हा ती तो मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. हिशेबातली चूक सापडल्यावर माणूस पाहतो तसं ती पाहत होती.

"दोन म्हैने झाले मला त्या घरात," ती म्हणाली. "ही भुवई मला आज दिसली."

मी पेन्सिल खाली ठेवली.

तिने बोटाने ती खाच हलकेच पुसल्यासारखी केली. पेन्सिल थोडी पसरली. "लय बघितलं तुमी," ती म्हणाली. "बरं केलं. आता मी बघत जाईन."

कागद पदराखाली घेऊन ती उठली, दाराशी चपला सरकवल्या आणि म्हणाली, "येते."

"या," मी म्हणाले.